उपदेश वृद्धांना, मोकळीक कंपन्यांना

29 डिसेंबर 2025 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवी दिल्लीहून एक अधिसूचना काढली. निमेसुलाईड या वेदनाशामकाच्या 100 मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या, पोटात जाताच एकदम औषध सोडणाऱ्या गोळ्यांचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26-अ अन्वये बंदी घालण्यात आली. या मात्रेपासून माणसाच्या प्रकृतीला धोका आहे आणि अधिक सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत, हे त्याचे कारण.

बंदी योग्यच आहे. प्रश्न आहे तो तिला लागलेल्या काळाचा. यकृताला इजा होते म्हणून फिनलंड आणि स्पेन या देशांनी या औषधाची विक्री 2002 सालीच थांबविली होती. आयर्लंडने 2007 साली तेच केले. अमेरिकेत त्याला कधी परवानाच मिळाला नाही. भारत सरकारला मात्र ते बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद करावयास 2011 साल उजाडावे लागले, आणि मोठी मात्रा बंद करावयास त्यापुढे आणखी चौदा वर्षे लागली. 100 मिलिग्रॅमची गोळी या अधिसूचनेनंतरही मोकळीच राहिली. मधल्या वर्षांत ही गोळी कोणाच्या पोटात गेली? गुडघे, कंबर आणि खांदे आयुष्यभराच्या श्रमाने झिजले आहेत अशा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या पोटात ती मोठ्या प्रमाणावर गेली, हे सांगण्यास कोणत्याही पाहणीची गरज नाही. कोणत्याही कामगार वस्तीतील औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले तरी पुरे.

या वृद्धांना अधिकृत उपदेश केला जातो तो असा : वेदनाशामके जपून घ्या, डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने घेऊ नका. वैद्यकीय सल्ला म्हणून यातील अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पण सरकारी धोरण म्हणून हा उपदेश निव्वळ ढोंग आहे. ज्याच्या हाती निवड नाही त्याला निवडीची जबाबदारी द्यावयाची, आणि ज्यांच्या हाती सारे काही आहे त्यांना मोकळे सोडावयाचे, हा त्यातील डाव आहे.

दुखणे कोठून येते?

दिल्लीच्या वजीरपूर औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचे पत्रे लाटले जातात. भट्टीतून निघालेली तप्त पट्टी चिमट्याने ओढून यंत्रात देणारा माणूस दिवसभर आगीपुढे वाकलेला असतो. ओखल्यात शिलाईयंत्रावर मान मोडून बसलेली स्त्री, मानेसरला वाहनांच्या जुळणीपट्ट्यावर उभा असलेला कंत्राटी कामगार, नोएडाच्या उंच इमारतींवर विटा वाहणारे मजूर, गुडगावच्या सोसायट्यांच्या फाटकावर बारा-बारा तास उभे असलेले वयस्क पहारेकरी, हे सर्व साठीला पोचतात ते दुखणे अंगावर घेऊनच. हे दुखणे म्हणजे केवळ वयाचा धर्म नव्हे. मालकाने मजुरीत न मोजलेला तो श्रमाचा खर्च आहे, आणि तो हाडांच्या व सांध्यांच्या खात्यावर मांडला गेला आहे.

डॉक्टर सांगतात, विश्रांती घ्या. विश्रांती कशाच्या बळावर घ्यावयाची? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 अन्वये किमान निवृत्तिवेतन 2014 साली दरमहा 1000 रुपये ठरले. त्यापुढच्या दहा वर्षांत त्यात एका रुपयाचीही भर पडली नाही. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 या वयासाठी दरमहा 200 रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपयेही नाही. तेव्हा पासष्टीचा माणूस पुन्हा पहाऱ्याच्या खुर्चीवर जातो, आणि पहारा उभे राहून करता यावा म्हणून सकाळी एक गोळी घेतो. ही गोळी तो बरे होण्यासाठी घेत नाही. कामावर हजर राहण्यासाठी घेतो. तिला औषध म्हणण्यापेक्षा उत्पादनाचे साधन म्हणणेच अधिक योग्य होईल, आणि त्या साधनाची किंमतही कामगारच आपल्या खिशातून भरतो!

गोळी शरीरात काय करते?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाईड ही सारी एकाच कुळातील औषधे आहेत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखणे आणि सूज त्यांच्यामुळे जाणवते, म्हणून ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. परंतु तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. दुखणे थांबते त्याच वेळी हे संरक्षणही उठते. तरुण शरीर काही दिवस हे सोसते. वृद्धाच्या मूत्रपिंडाची शक्ती आधीच उतरलेली असते आणि अस्तर पातळ झालेले असते. त्याला जठरातून रक्तस्राव होतो, रक्तदाब चढतो, दुबळे हृदय अधिक थकते, आणि मूत्रपिंड पूर्वसूचना न देता निकामी होऊ लागते.

त्यात वृद्ध माणूस एकच गोळी क्वचित घेतो. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ वर्गातील गोळी, जोडीला लघवी वाढविणारी गोळी, आणि वर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही तिहेरी जोडी मूत्रपिंडाला अतिशय घातक ठरते. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध चालू असताना यांतील कोणतीही गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका अनेक पटींनी वाढतो, आणि आयबुप्रोफेन तर अॅस्पिरिनचा हृदयरक्षक परिणामच अडवू शकते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो, घामाने शरीरातील पाणी आटते, आणि अशा वेळी घेतलेली हीच गोळी मूत्रपिंडावर दुप्पट आघात करते. उन्हात पहारा देणाऱ्या वृद्धाला हे कोणी सांगितले आहे काय? त्याला गोळी विकणाऱ्याने तरी?

अज्ञान कोणाचे?

येथे प्रतिष्ठित मंडळी एक ठरलेला युक्तिवाद पुढे करतात. लोक अडाणी आहेत, शेजाऱ्याने सांगितलेली गोळी खातात, एकाऐवजी दोन खातात, यास सरकार काय करणार?

सरकारने काय केले आणि काय केले नाही, याचा इतिहास लेखी उपलब्ध आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 साली अहवाल दिला, आणि औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून ती मूळ नावाने विकली जावीत अशी शिफारस केली. ही शिफारस अमलात आली असती तर वृद्धाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक पट्टीवर औषधाचे खरे नाव ठळकपणे दिसले असते. तसे झाले नाही. आज एकच डायक्लोफेनॅक असंख्य व्यापारी नावांनी विकले जाते. हाडांच्या डॉक्टरने एक नाव लिहिले, दुकानदाराने दुसरे दिले, आणि मुलाने गावाहून तिसरे आणले की एकच औषध तिप्पट पोटात जाते. पॅरासिटामॉलचे तेच होते. ते तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते आणि अंगदुखीच्या गोळीतही असते. मग अडाणी कोण? खाणारा, की नाव लपविण्याची मुभा देणारा?

त्याहून मोठा अपराध मिश्रणांचा आहे. एका गोळीत दोन-तीन औषधे कोंबून विकण्याची ही पद्धत भारतात जितकी बोकाळली तितकी फार थोड्या देशांत बोकाळली असेल. कारण साधे आहे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांच्या सूचीतील औषधांना कमाल किंमत लागू होते. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी त्यामुळे रुपयाच्या आसपास मिळते. सूचीबाहेरच्या औषधावर अशी कमाल किंमत नसते, आणि तिची किंमत वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढविता येते. तेव्हा स्वस्त औषधात दुसरे मिसळले, वर नवे नाव चिकटविले, की नफ्याची वाट मोकळी! रुग्णाच्या शरीराला त्या दुसऱ्या औषधाची गरज होती की नव्हती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

संसदेच्या स्थायी समितीने 2012 साली आपल्या 59 व्या अहवालात केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर बेळगावच्या के.एल.ई. विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांची समिती नेमली गेली, आणि तिच्या तपासणीनंतर 10 मार्च 2016 रोजी 344 मिश्रणांवर बंदी आली. त्या यादीत अॅसेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि पित्ताचे रॅबेप्रॅझोल यांचे मिश्रण होते, तसेच निमेसुलाईड आणि डायक्लोफेनॅक यांची जोडगोळीही होती. म्हणजे एकाच कुळातील दोन औषधे एकाच गोळीत! कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठले आणि 1 डिसेंबर 2016 रोजी बंदी रद्द करून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2017 रोजी प्रकरण तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठविले. मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने फेरतपासणी केली, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षे गेली. या अडीच वर्षांचा नफा कंपन्यांनी परत केला नाही, आणि या अडीच वर्षांतील रक्तस्रावांची नोंदही कोणी ठेवली नाही.

2 ऑगस्ट 2024 रोजी आणखी 156 मिश्रणे बंद झाली. त्यांत अॅसेक्लोफेनॅक 50 आणि पॅरासिटामॉल 125 मिलिग्रॅमचे मिश्रण होते. पण त्याच दोन औषधांची 100 आणि 325 मिलिग्रॅमची लोकप्रिय गोळी दुकानात कायम राहिली. एका दाराला कुलूप लावावयाचे आणि शेजारचे दार सताड उघडे ठेवावयाचे, याला नियंत्रण म्हणत नाहीत.

गिधाडांना उपदेश कोणी केला नाही

सरकारला दुसरा मार्ग ठाऊकच नाही, असेही नाही. 1990 नंतरच्या दशकात उत्तर भारतातील गिधाडे भराभर मरू लागली. दिल्लीहून जवळच असलेल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी हा ऱ्हास नोंदविला. 2004 साली कारण उघड झाले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश निघाला. माणसांचे औषध गुरांना टोचले जाऊ नये म्हणून 2015 साली इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद झाली.

माणूस गिधाडापेक्षा हे औषध कितीतरी अधिक सोसतो हे खरे, आणि योग्य रुग्णाला योग्य काळ दिले तर ते उपयोगीही आहे. पण या प्रकरणातील धडा वेगळाच आहे. गिधाडांनी मांस जपून खावे, असे आवाहन कोणी केले नाही. बंधन घातले गेले ते कारखान्यावर आणि बाजारावर. वृद्ध कामगाराची पाळी आली की मात्र बंधन त्याच्या विवेकावर, आणि बाजार मोकळा!

सक्ती चिठ्ठीची, दवाखाना कोठे?

डायक्लोफेनॅक, निमेसुलाईड ही औषधे अनुसूची ‘एच’ मधील आहेत. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. जुलै 2023 मध्ये डेंग्यूच्या काळात दिल्ली सरकारच्या औषध नियंत्रण विभागाने दुकानदारांना बजावले की अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. जो नियम बाराही महिने कायद्यात आहे तो पाळा असे पावसाळ्यात वेगळे सांगावे लागते, यातच तो एरवी कसा पाळला जातो हे दिसून येते.

मग नियम कडक करा, एवढेच म्हणावयाचे काय? नाही. दवाखाना नसताना केलेली चिठ्ठीची सक्ती म्हणजे दुखण्यावर नेमलेली पोलीसगिरी होय. रोजंदारी बुडवून, रांगेत दिवस घालवून किंवा खाजगी डॉक्टरची फी भरून एक चिठ्ठी मिळवावी लागत असेल, तर वृद्ध माणूस नाव नसलेल्या पुडीकडे वळेल, आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार डॉक्टरांना चांगलेच परिचित आहेत.

आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला, दिल्लीतही 2025 साली ती लागू झाली, आणि वर्षाला पाच लाख रुपयांच्या उपचारांचा मोठा गाजावाजा झाला. पण ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात येत नाही. म्हणजे गोळीने जठर फुटून रुग्ण खाटेवर पडला की सरकार लाखांची भाषा करते. ती गोळी चालेल की नाही हे ठरविणाऱ्या क्रिएटिनिनच्या साध्या रक्ततपासणीसाठी मात्र तीच योजना एक पैसा देत नाही. आणि साठ ते सत्तर या वयातील श्रमिकाला तर वयाच्या आधारावर तेवढेही नाही. दिल्लीत 2015 पासूनचे मोहल्ला दवाखाने असोत की 2025 पासूनची आरोग्य मंदिरे असोत, पाटीचा रंग कोणता याला महत्त्व नाही. तेथे आलेल्या वृद्धाचा रक्तदाब मोजला जातो काय, त्याच्या साऱ्या गोळ्या एकदा टेबलावर मांडून तपासल्या जातात काय, हीच कसोटी आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेची सुरुवात 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूरबरोबर दिल्लीतच झाली. किमान पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला केवळ 120 रुपये भरून या योजनेचे वैद्यकीय उपचार चालू ठेवता येतात. हा हक्क किती निवृत्त कामगारांना माहीत आहे? आणि दर काही महिन्यांनी कागदावर नवा ठेकेदार दाखवून ज्यांची सलग सेवाच पुसून टाकली गेली, त्यांनी तो कसा सिद्ध करावयाचा?

एका गैरसमजापासून मात्र सावध राहिले पाहिजे. वेदनाशामके धोक्याची आहेत म्हणून वृद्धांनी दुखणे मुकाट्याने सोसावे, असा या टीकेचा अर्थ नाही. वेदनामुक्ती हा हक्क आहे. याच देशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि याच देशात कर्करोगाने तळमळणाऱ्या असंख्य रुग्णांना मॉर्फिन मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली सुधारणा होऊनही ही उपेक्षा संपली नाही. जेथे नफा आहे तेथे गोळ्यांचा पूर, आणि जेथे केवळ गरज आहे तेथे दुष्काळ, असे या बाजाराचे गणित आहे.

काय सांगावयाचे, काय मागावयाचे?

शाखांनी आणि कामगार संघटनांनी दोन्ही कामे एकदम हाती घेतली पाहिजेत. पहिले काम ज्ञान पोचविण्याचे. साध्या दुखण्याला प्रथम पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे. म्हाताऱ्या, कृश, यकृताच्या रुग्णाला किंवा दारू पिणाऱ्याला ती याहून कमी, आणि ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गुडघ्यासाठी गोळीपेक्षा वरून लावावयाचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम अधिक सुरक्षित. डायक्लोफेनॅकच्या कुळातील दोन गोळ्या एकत्र कधीही नकोत. जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाने अंगातील पाणी आटले असता यांतील एकही नको. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. शौचास डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा दम लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेले अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये.

दुसरे काम लढ्याचे. प्रत्येक पट्टीवर मूळ औषधाचे नाव ठळक अक्षरांत आणि लोकांच्या भाषेत छापले जावे. अशास्त्रीय मिश्रणे एकेक करून नव्हे, तर सरसकट बंद व्हावीत, आणि मिश्रणाच्या आडून किंमत नियंत्रण चुकविण्याची वाट बुजवावी. साठीपुढील प्रत्येक श्रमिकाला बाह्यरुग्ण उपचार, रक्ततपासणी आणि औषधे मोफत मिळावीत. जगता येईल इतके निवृत्तिवेतन मिळावे, म्हणजे गोळी खाऊन कामावर उभे राहण्याची सक्तीच संपेल. आणि औषधनिर्मितीत सार्वजनिक क्षेत्र पुन्हा उभे राहावे. 1961 साली स्थापन झालेल्या आय.डी.पी.एल.चा एक कारखाना याच राजधानी परिसरात, गुडगावला होता. 28 डिसेंबर 2016 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती संस्था बंद करण्याचा, आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची विक्री करण्याचा निर्णय एकाच बैठकीत घेतला. लोकांना स्वस्त औषध देऊ शकणारे हात छाटावयाचे, आणि मग लोकांना जपून राहण्याचा उपदेश करावयाचा, ही या राज्यकर्त्यांची रीत आहे.

हे चित्र दिल्लीपुरते नाही. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या स्त्रिया आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार याच गोळ्यांच्या बळावर उभे आहेत. ज्यांच्या श्रमावर हा देश उभा राहिला त्यांच्या म्हातारपणाची सुरक्षितता दुकानदाराच्या गल्ल्यावर आणि त्यांच्या स्वतःच्या नशिबावर सोडता येणार नाही. निमेसुलाईडची मोठी गोळी बंद व्हावयास लागलेली वर्षे सांगतात की वरून काही आपोआप मिळत नाही. उरलेले मिळवावे लागेल, आणि तोवर आपल्या वस्तीतील प्रत्येक वृद्धाच्या उशाशी असलेली गोळ्यांची पिशवी उघडून पाहण्याचे काम आजपासूनच सुरू झाले पाहिजे.